पुढं बसलेल्याला मागं बोलवा

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. खरं सांगायचं तर वाचतो आणि हसतो. माझा पेशाच तसा. मी नर्स आहे. पुरुष नर्स, हॉस्पिटलच्या भाषेत ‘ब्रदर’. शवागाराची किल्ली माझ्या खिशात असायची त्या दिवसांत मी तिथल्याच पायरीवर बसून डबा खाल्लेला आहे. गावाकडचे लोक विचारायचे, “काय वो ब्रदर, कधी काय दिसला नाय?” मी म्हणायचो, “दिसतं ना... ड्युटी संपली तरी बदलीचा माणूस येत नाही, ते रोज दिसतं.”

आता तो विनोद मी करत नाही.

पुढचं माझ्या बायकोलाही माहीत नाही. ती हा अंक वाचते, म्हणजे तिला ते इथंच कळेल. समोर बसून सांगणं मला जमलं नसतं. मी तसाही कमी बोलणारा, आणि ही गोष्ट तर बोलण्यावरूनच घडलेली.

पंचेचाळिशी उलटल्यावर मी पुन्हा विद्यार्थी झालो. माझ्याकडे जनरल नर्सिंगचा डिप्लोमा होता, पण पुढची पोस्ट हवी तर पदवी लागते. म्हणून पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगला रत्नागिरीत प्रवेश घेतला. कॉलेजचं नाव देत नाही, त्यांचा यात काही संबंध नाही. भाट्याच्या बाजूला एक खोली घेतली होती. खिडकीतून खाडीवरचा पूल दिसायचा. वर्गात बाकी सगळ्या मुली, निदान माझ्या मानानं तरी मुलीच. त्या मला दादा म्हणायच्या. रेश्मा नावाची एक मात्र सरळ ‘आजोबा’ म्हणायची.

आमच्या स्किल लॅबमध्ये कॉटवर एक रबरी पुतळा असतो. त्याच्यावर इंजेक्शन, नळ्या, ड्रेसिंग, सगळं शिकायचं. मुलींनी त्याचं नाव बंड्याभाऊ ठेवलं होतं. आणि नर्सिंगमध्ये कुठल्याही कामाची पहिली पायरी ठरलेली आहे — पेशंटला सांगायचं. आपण कोण, काय करणार, कशासाठी करणार. पेशंट बेशुद्ध असला तरी सांगायचं. पुतळा असला तरी सांगायचं. नाही सांगितलं तर मार्क गेले.

मला ते जमेना. हात बरोबर चालायचे, तोंड उघडायचं नाही.

“अहो आजोबा, बोला की त्याच्याशी,” रेश्मा म्हणाली. “रुसलेत बघा बंड्याभाऊ.”

“काय बोलू? रबर आहे तो.”

“मग घरी काकूंशी काय बोलता?”

सगळ्या हसल्या. आमच्या मॅडम माझ्यापेक्षा वयानं लहान, पण कडक. त्या हसल्या नाहीत. “ब्रदर, इतकी वर्षं वॉर्डात काढलीत. बेशुद्ध पेशंटशी कधीच बोलला नाहीत?”

बोललो होतो. एकदा. ते मी त्यांना सांगितलं नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी सर्पदंशावर लेक्चर होतं. फुरसं, घोणस, नाग, मग मण्यार. आमच्या भागात मण्यारीला कांडर म्हणतात. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, कित्येकदा माणसाला चावल्याचं कळतसुद्धा नाही. सकाळी पोटात कळा, मग पापण्या जड, मग जीभ, मग श्वास. हे सगळं मला पाठ होतं. मी वहीत शाईपेनाची रेघ ओढत बसलो होतो. मग मॅडम म्हणाल्या,

“आता नीट ऐका. मण्यारीच्या पेशंटमध्ये डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि टॉर्च मारला तरी हलत नाहीत. दुसऱ्या कुठल्या पेशंटमध्ये असं दिसलं तर तुम्ही म्हणाल, गेला. इथं तसं म्हणायचं नाही. विषानं फक्त स्नायू बंद केलेत. माणूस आत जागा असतो. त्याला सगळं ऐकू येतं. श्वास देत राहिलात तर तो उठून घरी जातो.”

मागच्या बाकावरून कुणीतरी “बापरे” म्हणालं.

मी उठलो, बाहेर गेलो आणि व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभा राहिलो. रेश्मा मागून पाणी घेऊन आली. “काय झालं दादा?” त्या दिवशी तिनं आजोबा म्हटलं नाही. मी म्हणालो, ऊन लागलं. खरं म्हणजे त्या वेळी आभाळ भरलेलं होतं.

आता ते मागचं सांगतो.

नोकरीची पहिली वर्षं होती. रत्नागिरीच्या दक्षिणेकडच्या एका तालुक्यात, लहान सरकारी दवाखान्यात होतो. एका सकाळी विष्णू नावाच्या माणसाला त्याच्या भावानं, शांतारामनं, आणलं. भातकापणीचे दिवस, खळ्यात झोपला होता. आला तेव्हाच पापण्या मिटलेल्या, तोंडातून शब्द नाही. डॉक्टरांनी सापाची लस दिली, श्वासनलिकेत नळी घातली. तिथं व्हेंटिलेटर नव्हता. नळीला रबरी फुगा — अंबू बॅग — जोडायचा आणि हातानं दाबत राहायचं. दाबला की श्वास, सोडला की उच्छ्वास. तसं दाबत दाबत रत्नागिरीला न्यायचं ठरलं. माझ्यावर सोपवलं.

शांताराम मागे बसेना. भावाचा तो चेहरा त्याला बघवत नव्हता. तो पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. मध्ये काच होती, ती बंद. मागे मी आणि विष्णू.

हायवेची तेव्हाची अवस्था सांगत बसत नाही. एका हातानं कॉट धरायची, एका हातानं फुगा दाबायचा. हात बदलायचा, पुन्हा दाबायचा. बोटं वळेनाशी झाली. पाली मागं पडली, हातखंब्याचा तिठा यायचा होता. तिथं मी त्याच्या पापण्या उघडून टॉर्च मारला. बाहुल्या काळ्याभोर, मोठ्या. हलल्या नाहीत. दुसऱ्या डोळ्यात मारला. तेच.

मी मानेवर बोटं ठेवली नाहीत. नाडी बघितली नाही. बघायला हवी होती हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोराला पण कळतं. मी बघितली नाही, कारण... कारण मला ती लागायला नको होती. इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा लिहितोय.

मी मोठ्यानं म्हणालो, “सुटलास रे बाबा. मीपण सुटलो.”

आणि हात थांबवले.

रत्नागिरीत डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वाटेतच गेला. कुणी काही विचारलं नाही. शांतारामनं माझे हात हातात घेतले, लाल झालेले होते ते. म्हणाला, “तुमी लय केलात ब्रदर. देवानंच नेला त्याला, तुमी काय करनार?” आणि पुढच्या वैशाखात दवाखान्यात माझ्या नावानं रायवळ आंब्यांची टोपली आली. त्याच्या पुढच्या वर्षीही आली. बदली होईपर्यंत येत राहिली. मी ते आंबे स्टाफमध्ये वाटून टाकायचो. स्वतः का खात नव्हतो हे तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. मी त्याला मेलेलाच समजत होतो ना! पण कुठंतरी आत ते बोटं न ठेवणं बसलेलं होतं.

मॅडमच्या त्या लेक्चरनंतर मात्र सगळं उघड झालं. तो जिवंत होता. त्याला ऐकू येत होतं. माझे ते शब्द त्यानं ऐकले, आणि मग त्याला श्वास मिळणं बंद झालं.

या लेक्चरनंतर आमची आयसीयूची पोस्टिंग लागली, शहरातल्या एका हॉस्पिटलात. आणि मला अभ्यासाला जो पेशंट मिळाला, तो मण्यारीचा.

संगमेश्वरकडच्या आतल्या गावातली बाई. सुनंदा म्हणतो, नाव बदललंय. तिशीची. पडवीत झोपली होती. व्हेंटिलेटरवर होती, डोळे मिटलेले, बोटसुद्धा हलत नव्हतं. मी मॅडमना म्हटलं, मला दुसरा पेशंट द्या. त्या म्हणाल्या, “का? या केसमध्ये शिकण्यासारखं सगळ्यात जास्त आहे.” बरोबरच होतं त्यांचं.

पहिल्या दिवशी मी तिचं तोंड पुसलं, कूस बदलली, डोळ्यांवर ओले बोळे ठेवले. सगळं मुक्यानं. शेजारच्या बेडवरून रेश्मा खुणावत होती, बोला बोला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भेटीच्या वेळेआधी, सुनंदाचं व्हेंटिलेटर बदलायचं होतं. दुसरं जोडेपर्यंत हातानं श्वास द्यायचा. ड्युटीवरच्या सिस्टरनं अंबू बॅग माझ्या हातात दिली. “तुम्ही अनुभवी आहात, धरा.”

मी धरली. दाबली. तिची छाती वर आली. तोच फुगा, तोच आवाज. माझ्या कपाळावरून घाम ओघळून तिच्या चादरीवर पडला. आणि माझं तोंड उघडलं. कसं ते माहीत नाही. मी तिच्या कानाशी वाकून म्हणालो, “ताई, मी ब्रदर आहे. मशीन बदलतायत. तोवर मी हातानं श्वास देतोय. तुम्हाला ऐकू येतंय हे मला माहीत आहे. हात थांबवणार नाही.” एवढंच. पुन्हा एकदा तेच म्हणालो. मशीन जोडली गेली आणि मी बाजूला झालो.

दार उघडून तिचा नवरा आणि मोठे दीर आत आले. नवरा, प्रकाश, मुंबईत कंपनीत कामाला, रातोरात आलेला. डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलेलं होतं की वाट बघावी लागेल. पण दिरांनी आदल्या दिवशी डॉक्टरांना टॉर्च मारताना बघितलं होतं, आणि तेवढंच त्यांच्या मनात बसलं होतं.

“बॅटरी मारली तरी डोला हलला नाय,” ते कॉटच्या पायथ्याशी उभं राहून म्हणाले. “हितं काय उरलेला नाय परकाश. उगाच तिचे हाल. गाडी सांगतो, घरी नेऊया. निदान आपल्या दारात तरी...”

प्रकाशनं मला दाराबाहेर गाठलं. शर्टाची बटणं खालीवर लागलेली. “ब्रदर, तुमी आमच्यासारखेच गावाकडचे दिसता. डॉक्टर डॉक्टरांसारखा बोलनार. तुमी खरा सांगा. काय हाय का तिच्यात?”

शांतारामनंसुद्धा गाडीत बसण्याआधी मला हेच विचारलं होतं. तेव्हा मी म्हणालो होतो, बघू.

या वेळी मी म्हणालो, “ती जागी आहे. तुमचे भाऊ आत्ता बोलले ते तिनं ऐकलं. आत जा, तिच्याजवळ बसा आणि सांगा की नेणार नाही. पायथ्याशी उभे राहू नका, उशाशी जा.”

त्यानं शर्टाची बटणं नीट लावली. मग आत गेला. दीर तडतडत राहिले — “ह्यो इद्यार्थी हाय, ह्याला काय कलता?” — पण गाडी काही आली नाही.

पुढच्या काही दिवसांत सुनंदाची बोटं हलली. मग पापण्या. नळी निघाली. आवाज घोगरा, तुटक. सगळं ऐकलं होतं तिनं! सिस्टर कुणाच्या साखरपुड्याबद्दल काय बोलली, दिरांनी गाडीचं कसं काढलं, नवरा उशाशी बसून कसा रडला. रेश्मा तर तिच्याजवळून हलेना. “ताई, मी गाणं म्हणत होते ते पण ऐकलंत?” “ऐकला. लय बेसूर.” सगळा आयसीयू हसला. इथपर्यंत सगळं मॅडमनी शिकवल्याप्रमाणंच.

मी तिचं बीपी घ्यायला गेलो. सवय झाली होती, सांगितलं, “ताई, बीपी बघतो.”

ती म्हणाली, “ब्रदर, तो तुमच्याबरोबरचा मानूस येत नाय आता?”

“कोण माणूस?”

“तुमी यायचात तवा यायचा. दिसला नाय मना, डोले मिटलेले. आवाज तेवढा. पुरुषमानूस. अगदी कानाशी बसायचा.”

मला वाटलं वॉर्डबॉय असेल. विचारलं, काय बोलायचा?

“म्हनायचा, भिऊ नको गो माये. आपल्याला आयकू येता ता ह्यांना म्हाईत नसता.” ती जरा थांबली, पाणी मागितलं. मी चमच्यानं दिलं. “त्या दिवशी तुमी हातान फुगा दाबीत व्हतात ना, तवा मना लय भ्या वाटला. तो म्हनला, ह्यो ब्रदर माज्या वक्ताला म्हनला व्हता, सुटलास रे बाबा, मी पन सुटलो. आन् हात थांबवलान. तुज्या वक्ताला नाय थांबवायचा. मी हाय हितं.”

तिचं बोलणं ऐकत मी पंप दाबत होतो. बीपीचा पट्टा तिच्या दंडाला तसाच फुगलेला राहिला. ती म्हणाली, “ब्रदर, दुखताय,” तेव्हा मी तो सोडला.

“आणखी काय म्हणायचा?”

“येकच. सारखा. पुढं बसलाय त्याला मागं बोलवा. मना वाटला, ह्यांच्याबद्दल म्हनतोय, भायेर बसलेत म्हनून. पन हे येऊन बसले तरी म्हनतच व्हता.”

“रागात होता का?”

तिनं विचार केला. “काय ठावं नाय. राग नव्हता. पन जातच नव्हता वो.”

मी बुद्धीला पटेल असं सगळं करून बघितलं. औषधांचा परिणाम म्हणून भास होतात, आयसीयूत तर होतातच. कदाचित फुगा दाबताना मीच ते जुने शब्द पुटपुटलो असेन? सिस्टर माझ्या शेजारी उभी होती. तिला विचारलं, मी काय बोललो होतो. तिनं माझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, आणि म्हणाली, “छान बोललात की.” बाकी काही नाही. बरं, मनातलं ओठावर आलं असं धरलं, तरी तो ‘गो माये’ कुठून आला? मी असं कुणालाच म्हणत नाही. आणि पुढं बसलेला माणूस... शांताराम गाडीत पुढं होता, याची आठवण मी कधी काढलीच नव्हती. माझ्या आठवणीत त्या गाडीत मी आणि तो, दोघेच होतो.

निरोप माझ्यासाठी नव्हताच. तो पोचवायचा होता, आणि तो पोचवायचा तर आधी मला माझं सांगावं लागणार होतं. परीक्षा होईपर्यंत मी टाळलं. प्रॅक्टिकलला बंड्याभाऊशी सगळं व्यवस्थित बोललो, मॅडम खूश झाल्या. मग एका रविवारी एसटीनं शांतारामच्या गावी गेलो.

म्हातारा झाला होता. कातळावरच्या घरासमोर काजूच्या बिया वाळत घातलेल्या, त्यातून कचरा निवडत होता. मला ओळखलं. लगेच घरात हाक — “आगो, ब्रदर आलेत, च्या ठेव.” म्हणाला, आंबे पोचत होते ना तेव्हा?

मी चहा यायच्या आत सांगून टाकलं. बाहुल्या, न बघितलेली नाडी, ते शब्द, थांबवलेले हात. मग सुनंदाचं. त्यानं मान वर केली नाही. बिया निवडत राहिला. ‘गो माये’ म्हणालो तेव्हा हात थांबला.

“ह्ये तुमाला कोनी सांगतला?”

“तिनं.”

“इस्नू सगल्यांनाच म्हनायचा. बायलीला, भैनीला. म्हशीला पन म्हनायचा, माये सरक.” तो किंचित हसला आणि ते हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. “तुमच्यासमोर तर तो बोललाच नाय कदी.”

“नाही.”

मग मी निरोप सांगितला.

मला वाटलं होतं तो मारेल, निदान शिवी देईल. मी त्यासाठीच गेलो होतो, हेही आता लिहून टाकतो. पण त्यानं हातातल्या बिया खाली ठेवल्या. चहा आला, निवला, साय धरली. शेवटी म्हणाला, “म्हंजे त्याला कलत व्हता, मी पुढं बसलोय ता.”

“हो.”

“मंग रस्ताभर वाट बघितली आसल त्यानं माजी.”

मी म्हणालो, चूक माझी आहे, तुमची नाही. तुम्ही पोलिसात जा, दवाखान्यात कळवा, मी सगळं कबूल करेन. तो म्हणाला, “ता मंग बघू. तुमी आता गप ऱ्हवा जरा.” इतकंच. त्यानं मला माफ केलं, असं मी म्हणणार नाही. त्यानं तसं काही म्हटलं नाही, आणि मीही मागितलं नाही.

एसटी हायवेला मिळते. तो मला सोडायला निघाला, नको म्हटलं तरी. गावातली रिक्षा आली. ड्रायव्हर ओळखीचा, त्यानं आपल्या शेजारची जागा हातानं झाडली. “तात्या, तुमी पुढं बसा. मागं हादरे बसतात, कंबर धरंल.”

“नको,” तो म्हणाला. “मी मागं बसतो.”

तो मागे चढला. मी एका कडेला बसलो, तो दुसऱ्या कडेला, अगदी दाराला चिकटून. मध्ये एका माणसाची जागा त्यानं मोकळी ठेवली होती. खड्ड्यात रिक्षा उसळली की तो मधल्या सीटवर हात ठेवायचा, पडणाऱ्याला धरावं तसा.

याचा अर्थ काय, हे मला अजून लावता आलेला नाही. पदवी मिळाली, पोस्टही मिळाली. आता नवीन मुलांना मी शिकवतो — आधी पेशंटशी बोला, आणि मानेवर बोटं ठेवल्याशिवाय हात थांबवू नका. ती विचारतात, सर, कुठल्या पुस्तकात आहे? मी पुस्तकाचं नाव सांगतो.